‘नीट वागा’ एवढ्याने भागत नाही : शाळेच्या रोजच्या तासांत सामाजिक कौशल्यं कशी रुजतात?

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागातल्या मराठी शाळांना हे चित्र नवं नाही. ताप्ती लाईनच्या गाडीने खानदेशातून एखादं कुटुंब येतं. बाप लूमवर किंवा कापड मार्केटमध्ये कामाला लागतो आणि मूल चालू वर्गात येऊन बसतं. घरी अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या बोलण्याला हसतं. मग ते मूल एक तर गप्प होतं, नाहीतर हात उचलतं. गप्प राहिलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. हात उचलला तर शिक्षा होते आणि वर ऐकायला मिळतं, "नीट वागा रे."

पण नीट वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? खेळणाऱ्या पोरांत कसं शिरायचं, कुणी चिडवलं तर काय बोलायचं, मदत कुणाकडे मागायची, हे त्या मुलाला कुणी करून दाखवलेलं नसतं. या गोष्टी पाढ्यांसारख्या शिकवता येतात आणि सरावाने पक्क्या होतात, हे जगभरच्या संशोधनाने दाखवून दिलं आहे. अडचण पुढची आहे. अभ्यासात यशस्वी ठरलेला कार्यक्रम साध्या शाळेच्या साध्या वेळापत्रकात शिरला की बऱ्याचदा कागदावरच राहतो. तसं का होतं आणि तो टिकवायला काय लागतं, त्याची ही माहिती.

सामाजिक कौशल्यं म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या भावना समजणं, नीट संवाद करणं, नाती सांभाळणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, वेगळा विचार करणं, पारखून विचार करणं, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं. 1994 मध्ये अमेरिकेत या विषयासाठी ‘कॅसेल’ नावाची संस्था उभी राहिली. तिने हाच पसारा पाच गटांत बसवला : स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याला ओळखणं, नातं जोडणं आणि जबाबदारीने ठरवणं.

आपल्याकडे याला पटकन ‘संस्कार’ म्हटलं जातं. संस्कारांचं मोल आहेच. पण फळ्यावरचा सुविचार आणि कौशल्य यांत फरक आहे. ‘सर्वांशी मिळून मिसळून वागावे’ हा सुविचार झाला. खेळ चालू असताना आधी जरा वेळ बघायचं, डाव संपेपर्यंत थांबायचं, मग "मला पुढच्या डावात घेता का?" असं विचारायचं आणि नाही म्हटलं तर रुसून न बसता दुसऱ्या गटाकडे जायचं, हे कौशल्य झालं. पहिली गोष्ट पाठ होते, दुसरी करून पाहावी लागते.

संशोधन काय सांगतं?

या विषयातला सर्वांत जास्त उल्लेख होणारा अभ्यास 2011 मध्ये ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 213 शालेय कार्यक्रमांचे निकाल एकत्र तपासले. त्यांत 2 लाख 70 हजारांवर विद्यार्थी होते. जिथे असे कार्यक्रम झाले तिथे मुलांची वागणूक सुधारली, शिवाय अभ्यासातली कामगिरीही सरासरी 11 पर्सेंटाइलने वर गेली. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध असणारं मूल अकरा जागा पुढे सरकलं. ‘हे असले तास घेतले तर अभ्यास मागे पडेल’ ही पालकांची भीती या आकड्यांपुढे टिकत नाही.

त्याच अभ्यासात चालणाऱ्या कार्यक्रमांच्या चार खुणाही दिसल्या. धडे क्रमाने लावलेले असतात. मुलं नुसती ऐकत नाहीत, स्वतः करतात. या कामासाठी वेगळा वेळ राखलेला असतो. आणि आज कोणतं कौशल्य शिकायचं ते स्पष्ट सांगितलेलं असतं. जिथे अंमलबजावणीत अडथळे आले तिथे परिणामही घटला.

फिनलंडचं उदाहरण दादागिरीबद्दलचं आहे. तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ कार्यक्रमात चिडवणारा आणि चिडवला जाणारा या दोघांपेक्षा भोवती उभं राहून हसणाऱ्यांवर भर आहे. बघणारे हसायचे थांबले की दादागिरीची मजा संपते, हे त्यामागचं सूत्र. आधी निवडक शाळांत चाचणी झाली आणि 2009 पासून तो देशभर गेला. देशभर गेल्यावर परिणाम चाचणीपेक्षा कमी दिसला, पण पुसला गेला नाही. ठरलेले धडे, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि प्रकरण हाताळायला शाळेतच नेमलेला गट, या गोष्टी विस्तारातही कायम ठेवल्या होत्या.

इंग्लंडचा अनुभव उलटा आहे. तिथल्या माध्यमिक शाळांसाठी सरकारने ‘सील’ नावाचा असाच उपक्रम आणला, पण काय, किती आणि कसं घ्यायचं ते बरंचसं शाळांवर सोडलं. 2010 मध्ये त्याचं राष्ट्रीय मूल्यमापन आलं. मुलांच्या वागण्यात किंवा कौशल्यांत ठळक फरक आढळला नाही.

बिहारचा धडा : तोच कार्यक्रम, दोन निकाल

आपल्या शाळांसाठी सगळ्यांत कामाचा अभ्यास बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेच्या पुढाकाराने तिथे ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम झाला. 74 सरकारी माध्यमिक शाळा आणि नववीची तेरा हजारांवर मुलं त्यात होती. परिपाठात एखाद्या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायला एक पेटी, वर्गात गटचर्चा आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणं, असं कामाचं स्वरूप होतं. दादागिरी, स्वच्छता, अभ्यासाच्या सवयी, मुलगा-मुलगी भेदभाव, असे विषय महिन्यांत वाटलेले होते.

शाळांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात हे काम बाहेरून नेमलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहेर मित्रा’ने केलं. हे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. दुसऱ्या गटात तेच काम शाळेच्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. तिसऱ्या गटात राज्याचा नेहमीचा जीवनकौशल्य कार्यक्रम चालू होता. निकाल 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सेहेर मित्र असलेल्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारलं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, मुलांमधली नैराश्याची लक्षणंही घटली. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा काहीच वेगळं घडलं नाही.

विषय तेच, रचना तीच. फरक फक्त काम कोण करतं याचा. यावरून शिक्षक कमी पडतात असं म्हणणं चुकीचं होईल. डर्लाक यांच्या आढाव्यात वर्गशिक्षकांनी घेतलेले कार्यक्रमही यशस्वी झाले होते. पण ते बहुतेक अमेरिकेतले होते. आपल्या शिक्षकाच्या डोक्यावर वर्ग, परीक्षा, ऑनलाईन हजेरी, मतदार याद्या, सर्वेक्षणं असतात. त्यात आणखी एक काम टाकलं तर ते शेवटी जातं. दुसरं असं, की जो सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल उभं करतो, त्याच्याजवळ दुपारी मन मोकळं करणं मुलाला जड जातं.

हरियाणातही हेच सूत्र दिसतं. ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने सातवी-आठवीच्या मुलांसाठी मुलगा-मुलगी समानतेवर तास घेतले. 314 सरकारी शाळांचा त्यात अभ्यास झाला. साधारण तीन आठवड्यांतून एकदा पाऊण तास, असं अडीच शैक्षणिक वर्षं चाललं. तास संस्थेची माणसं घेत. कार्यक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही मुलांच्या विचारांतला फरक टिकून होता. वेळ थोडाच होता, पण ठरलेला होता आणि तो घेणाऱ्या माणसाला त्या वेळी दुसरं काम नव्हतं.

मराठीतलं काम

मराठी मुलांबरोबरचं कामही कमी नाही. मुंबईत 2008 मध्ये आयसीआरडब्ल्यू, ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी ‘जेम्स’ हा कार्यक्रम महापालिकेच्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी सुरू केला. 45 शाळा अभ्यासात होत्या. काही शाळांत गटातले उपक्रम आणि शाळाभर मोहीम, काहींत नुसती मोहीम आणि काहींत काहीच नाही, अशी विभागणी होती. जिथे मुलं गटात बसून बोलली, खेळली, तिथे विचार जास्त बदलले. पोस्टर, प्रभातफेरी, ‘दिवस साजरा’ यावर थांबणाऱ्या शाळांनी हा निकाल लक्षात ठेवायला हवा.

दुसरं नाव ‘मूल्यवर्धन’. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 500 प्राथमिक शाळांत तो सुरू केला आणि पुढे महाराष्ट्र शासनाबरोबर टप्प्याटप्प्याने तो राज्यभर नेला. संविधानातली मूल्यं हा पाया, आणि जोडीत बोलणं, गटात ठरवणं, मिळून नियम करणं ही पद्धत. सीमेपलीकडच्या शाळांसाठी त्यात महत्त्वाची बाब अशी, की हे साहित्य मुळातच मराठी वर्गासाठी घडवलेलं आहे.

परक्या देशातली पद्धत इथल्या मातीत रुजवण्याचा पहिला मोठा प्रयोग तर गुजराती-मराठी मिळूनच झाला. 1923 मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कामात सामील झाल्या. दोघांनी मॉन्टेसोरीची पद्धत भारतीय मुलांसाठी बदलून घेतली आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1945 मध्ये ताराबाई गुजरात सीमेजवळच्या बोर्डीला आल्या आणि 1957 मध्ये काम कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली. मुलं शाळेत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरली. तत्त्व तेच ठेवून बाकी सगळं मुलाच्या जगातून घ्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं. आजच्या कार्यक्रमांनाही हाच नियम लागू होतो.

सुरतच्या शाळांत जागा कुठे आहे?

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. गुजरातेत प्राथमिक म्हणजे पहिली ते आठवी. इथे मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या केंद्रप्रमुखासारखं काम सीआरसी करतात. मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं गांधीनगरहून निघतात. 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणंही सक्तीचं आहे. म्हणजे इथलं मराठी मूल रोज तीन-चार भाषांत वावरतं. त्याच्यासाठी ‘संवाद’ हे कौशल्य रोजच्या गरजेचं आहे.

कागदावर वेळेची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाचा अभ्यासक्रम फेब्रुवारी 2020 मध्ये आला. त्यात अकरा विषय, प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक ‘आरोग्य दूत’ आणि आठवड्याला एक तास याप्रमाणे वर्षाला 24 तास धरले आहेत. भावनिक आरोग्य, माणसामाणसांतलं नातं, हिंसाचारापासून बचाव हे विषय त्या अकरांत येतात.

आता हिशोब बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षात 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं अपेक्षित आहे. त्यातले 24 तास म्हणजे 2.4 टक्के. शंभर रुपयांतले अडीच रुपयेही नाहीत. ‘वेळच नाही’ हे कारण म्हणून टिकत नाही. खरी उणीव वेळ राखून ठेवण्याची आणि तो तास घेणाऱ्या माणसाला त्या वेळेपुरतं मोकळं करण्याची आहे.

गुजरातच्या प्राथमिक शाळांत बाळमेळे आणि लाईफ स्किल मेळेही भरतात. पंक्चर काढणं, फ्यूज बांधणं, बटण लावणं मुलं तिथे आवडीने शिकतात. पण ही हाताची कौशल्यं झाली, आणि मेळा एका दिवसाचा. राग आवरणं, ‘नाही’ म्हणणं, भांडण मिटवणं एका दिवसात येत नाही. महाराष्ट्राने 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला. शनिवारी दप्तराविना शाळा ही कल्पना गुजरातेतही आली आहे. तो वेळ ठरलेल्या क्रमाने वापरला तर जागा तयारच आहे.

सुरुवात कशी करावी?

वर आलेल्या अभ्यासांचं सार एका शाळेला पेलेल अशा पाच गोष्टींत मांडता येतं.

1. तास पक्का करा. आठवड्यातला एक तास वेळापत्रकात लिहा. परीक्षा जवळ आली म्हणून तो गणिताला देऊ नका.

2. माणूस ठरवा आणि मोकळा करा. शिक्षक असेल तर त्याच्याकडचं दुसरं एक काम काढून घ्या. जमत असेल तर वस्तीतली पदवीधर तरुणी किंवा शाळेचाच माजी विद्यार्थी नेमा. मानधन, प्रशिक्षण आणि महिन्यातून एकदा अनुभवी माणसाबरोबर बैठक, या तीन गोष्टींशिवाय नेमणूक टिकत नाही. मुलांशी एकट्याने बोलणाऱ्या व्यक्तीची आधी पडताळणी हवी. बोलणं दरवाजा उघडा ठेवून, इतरांच्या नजरेसमोर व्हावं.

3. एका वेळी एकच कौशल्य. तीन आठवडे फक्त ‘खेळात सामील होणं’. आधी मोठ्याने करून दाखवायचं, मग जोडीने करायचं, मग कुठे चुकलं ते सांगायचं, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत वापरायचं. पुढचे तीन आठवडे ‘राग आला तर’. नाटुकली अहिराणीत झाली तरी हरकत नाही, उलट मूल जास्त खुलतं. नव्या मुलाच्या बोलीला हसणारा वर्ग तीच बोली नाटुकलीत ऐकायला लागला, तर अर्धं काम तिथेच होतं.

4. सगळ्यांनी तेच शब्द वापरा. तासाला ‘थांब, श्वास घे, मग बोल’ शिकवलं आणि मैदानावर सरांनी कान पिळला, तर मूल कान पिळणंच लक्षात ठेवतं. आचार्य, शिपाई, मध्याह्न भोजन वाढणाऱ्या मावशी, सगळ्यांना महिन्याचं कौशल्य माहीत हवं.

5. मोजा. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला गुपचूप विचारा, "सुट्टीत कुणाबरोबर खेळतोस?" ज्याचं नाव कुणीच घेत नाही ते मूल सापडतं. ही यादी वर्गात वाचायची नसते. सत्र संपताना पुन्हा विचारा. एकटी मुलं कमी झाली की नाही, त्यावरून पुढचं ठरवा. सोबत मधल्या सुट्टीतल्या भांडणांची साधी नोंद ठेवली तरी पुरे. फोटो आणि अहवाल यांतून हे कळत नाही.

पालकांनी काय विचारावं?

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाला बैठकीला जाणं सोपं नाही, हे खरं. तरी वर्षातून एकदा तीन प्रश्न विचारता येतील : आरोग्य दूत शिक्षक कोण आहेत, 24 पैकी किती तास झाले, आणि साहित्य मराठीत आहे का? नसेल तर महाराष्ट्रातलं तयार साहित्य इथल्या शाळांना मिळावं, अशी मागणी समितीमार्फत लेखी करता येते. त्याला वेगळी इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही.

घरीही थोडं करता येतं. ‘आज किती मार्क पडले’ याच्यासोबत ‘आज कुणाबरोबर डबा खाल्ला’ हा प्रश्न रोज विचारा. सलग काही दिवस उत्तर ‘एकट्याने’ असं आलं, तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा.

या कार्यक्रमांची मर्यादा

अशा तासांनी सगळं सुटत नाही. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर वर्गातला उपक्रम पुरेसा नाही. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. तो मोफत आहे आणि दोन्ही राज्यांतून लागतो. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका असेल तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाईन आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांना वाचता येतील अशा उंचीवर, मराठीत लिहिलेले असावेत.

नवं मूल वर्गात येईल तेव्हा कुणीतरी त्याच्या बोलण्याला हसेल, हे टळणार नाही. पण बाकीची चाळीस पोरं त्या हसण्यात सामील होतात की एखादं उठून "चल, आपल्या डावात ये" म्हणतं, हे ठरवता येतं. त्यासाठी लागतो आठवड्याचा एक तास आणि तो घ्यायला मोकळा ठेवलेला एक माणूस.